सातवीतल्या पोराकडे बघा, दहावीची वाट नका बघू

जानेवारी-फेब्रुवारी आला की आमच्या भांडुपमध्ये परीक्षेच्या ताणावरची व्याख्यानं सुरू होतात. हॉलमध्ये खुर्च्या, स्टेजवर फ्लेक्स, समोर दहावी-बारावीची मुलं आणि त्यांच्या आया, आणि बोर्डाच्या समुपदेशकांचे नंबर पेपरात छापून येतात. चांगलंच आहे ते, बंद करा असं मी अजिबात म्हणत नाहीये. पण मी कित्येक वर्षं इथे पाचवी ते दहावीच्या ट्यूशन घेते आणि दर वर्षी मला हेच वाटतं की आपण तीन वर्षं उशिरा पोचतोय. ज्या पोराला दहावीच्या प्रिलिमला घाम फुटतो आणि पेपर कोरा राहतो ना, त्याचं काहीतरी बऱ्याचदा सातवी-आठवीतच सुरू झालेलं असतं, आणि तेव्हा ते इतकं छोटं असतं की घरातल्या नाहीतर शाळेतल्या एका मोठ्या माणसाने नीट लक्ष दिलं असतं तरी खूप फरक पडला असता.

हे नुसतं माझं वाटणं नाहीये. जागतिक आरोग्य संघटना सांगते की १० ते १९ वयातल्या दर ७ मुलांमागे साधारण एकाला काही ना काही मानसिक आजार असतो. जगभरातल्या अभ्यासांचा एकत्र हिशोब २०२२ साली छापून आला, त्यात दिसलं की ज्यांना आयुष्यात कधी मानसिक आजार होतो त्यातल्या जवळपास एक तृतीयांश लोकांचा तो वयाच्या १४ च्या आत सुरू झालेला असतो, १८ च्या आत जवळपास निम्म्यांचा, आणि सगळ्यात जास्त सुरुवात कुठल्या वयात, तर साडेचौदा. साडेचौदा म्हणजे आपल्याकडची नववी! निम्हान्सने, म्हणजे बंगळुरूच्या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने, २०१५-१६ मध्ये देशभर पाहणी केली तेव्हा १३ ते १७ वयात मानसिक आजारांचं प्रमाण ७.३ टक्के निघालं, म्हणजे पन्नास मुलांच्या वर्गात तीन-चार मुलं, प्रत्येक वर्गात. पत्र्यावर ताडपत्री आपण मे महिन्यात टाकतो, जुलैत घरात पाणी आल्यावर नाही, मग इथेच आपण जुलैची वाट का बघतो हेच मला कळत नाही.

सातवीत नक्की होतं काय ते सांगते. एक तर शरीर बदलतं, मुलींची पाळी सुरू झालेली असते नाहीतर होत असते, मुलांचे आवाज फुटतात, कोणाची उंची एकदम वाढते आणि कोणाची वाढतच नाही आणि त्यावरून नावं पडतात. बऱ्याच महापालिकेच्या शाळा सातवी-आठवीपर्यंतच आहेत, मग पुढे नवीन शाळा, नवे मित्र, कधी कधी माध्यमसुद्धा बदलतं. अभ्यासात बीजगणित येतं. हातात मोबाइल येतो, वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप येतो आणि त्यातून एखाद्याला काढून टाकलं की त्याच्यासाठी ते वर्गातून हाकलल्यासारखंच असतं. आणि नेमकं याच वयात आईबाबांना वाटतं की आता मोठा झाला, आता स्वतःचं स्वतः बघेल.

आणि हे सगळं दिसतं कसं, तर रडण्यातून फार कमी वेळा दिसतं. चिडचिडीतून दिसतं. आधी खाली खेळायला जाणारा मुलगा जायचा बंद होतो, डबा तसाच परत येतो, अक्षर बिघडतं, लहान भावाला विनाकारण मार बसतो, सोमवारी सकाळी पोटात दुखतं आणि अकरा वाजले की थांबतं. ते पोटात दुखणं खोटं नसतं बरं का, भीतीने खरंच पोटात कळ येते. माझ्याकडे एक मुलगा होता सहावी-सातवीतला, त्याची सोनोग्राफी झाली, रक्त तपासून झालं, सगळं नॉर्मल. मग त्यांच्या फॅमिली डॉक्टरांनीच विचारलं की शाळेत कसा जातोस. तेव्हा कळलं की स्कूल व्हॅनमध्ये मोठी मुलं त्याला रोज छळायची, चड्डी ओढायची, सगळे हसायचे. व्हॅनवाल्या काकांशी बोलून त्याला पुढे बसवलं, त्या मुलांच्या घरी शांतपणे निरोप गेला, वर्गशिक्षिकेला सांगितलं, आणि मधल्या काळात शाळा चुकवू दिली नाही पण आई काही दिवस स्वतः सोडायला गेली. हळूहळू पोटदुखी गेली. यात कुठलं औषध नाही, कुठलं निदान नाही.

शाळा चुकवू दिली नाही हे मी मुद्दाम लिहिलंय, कारण भीतीचं गणितच असं आहे की ज्याची भीती वाटते ते टाळलं की त्या क्षणी बरं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी तेच दुप्पट अवघड होतं, मग आठवडा जातो, मग महिना जातो, मग वर्गात जाऊन सांगायचं काय याचीच वेगळी भीती बसते. म्हणून पहिल्या आठवड्यात हात दिला तर काम सोपं असतं. पण नुसतं ढकलून पाठवायचं नाही, ज्याने भीती वाटते ते आधी दूर करायचं आणि सोबत जायचं.

प्रत्येक उदास दिवस म्हणजे आजार नाही हेही तेवढंच खरं. मैत्रीण बोलली नाही म्हणून दोन दिवस तोंड पाडून बसणं, मार्क कमी आले म्हणून रडणं, हे व्हायचंच आणि मुलांना त्यातून जाऊ दिलं पाहिजे, लगेच डिप्रेशन डिप्रेशन म्हणून शिक्का मारू नका. मी एवढंच बघते की हे दोन आठवड्यांच्या वर चाललंय का, आणि घर, शाळा, खेळ यातल्या एकापेक्षा जास्त ठिकाणी अडलंय का. तसं असेल तर वाट बघायची नाही.

बोलायचं कुठे हा मुंबईत मोठाच प्रश्न आहे. वन रूम किचनमध्ये पाच माणसं, आजी कॉटवर, टीव्ही चालू, अशात तेरा वर्षांच्या मुलीने आईला मनातलं सांगायचं म्हटलं तरी सांगणार कुठे? आणि समोर बसवून 'काय झालंय सांग' असं विचारलं की मुलं हमखास 'काही नाही' म्हणतात. माझा अनुभव असा की शेजारी शेजारी चालताना मुलं जास्त बोलतात. भाजी आणायला सोबत घेऊन जा, स्टेशनपर्यंत चालत जा, बाबांनी बाइकवर मागे बसवून एक चक्कर मारा, डोळ्यात डोळे घालून बोलायचं नसतं ना तेव्हा त्यांना सोपं जातं. आणि त्याने सांगितलं की पहिलं वाक्य 'मग तू काय केलंस?' असं नको, आधी नुसतं ऐका, सल्ला उद्या द्या.

झोपेबद्दल तर मला ओरडून सांगायचंय. १३ ते १८ वयात ८ ते १० तास झोप लागते. आमच्याकडची पोरं सकाळच्या सेशनला सातच्या शाळेसाठी साडेपाचला उठतात, रात्री नऊला क्लासवरून येतात, बाबा ड्युटीवरून साडेदहाला येतात तेव्हा जेवणं होतात, मग मोबाइल, म्हणजे झोपायला बारा. साडेपाच तास! त्यात या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, झोप उशिराच येते, तो आळस नसतो. २०२४ मध्ये सरकारने सकाळी नऊच्या आधी शाळा भरवू नका असा निर्णय काढला पण तो चौथीपर्यंतच्या वर्गांसाठी, आणि ज्यांना सगळ्यात जास्त गरज आहे ते आठवी-नववीवाले पहाटेच उठतायत. झोप कमी पडली की चिडचिड, रडू, भीती सगळंच वाढतं. शाळेची वेळ आपल्या हातात नाही पण रात्रीचा क्लास आहे, मी स्वतः आठवी-नववीची बॅच संध्याकाळी सातच्या आत संपवते, चार आया नाराज झाल्या तरी चालेल.

अजून एक गोष्ट आहे जी पालकसभेत कोणी बोलत नाही. मुलाचं मन सांभाळायचं तर आधी आईचं बघा. दिवसभर घरात बसून इमिटेशन ज्वेलरीचे खडे चिकटवायचे, रात्री पिऊन आलेल्या नवऱ्याला सांभाळायचं, आणि तीच बाई महिनोन् महिने झोपलेली नाही, जेवत नाही, तर तिच्या मुलीची चिडचिड मुलीला समजावून कशी जाणार? आईच्या डिप्रेशनवर उपचार होऊन तिला बरं वाटलं की मुलांचा त्रासही कमी होतो, हे अभ्यासातून दिसलंय. म्हणून कोणी मला मुलीबद्दल विचारलं की मी आधी विचारते, ताई तुम्ही कशा आहात? आणि बऱ्याचदा खरं बोलणं तिथूनच सुरू होतं.

आता शाळेबद्दल. काउन्सेलर असलाच तर त्याच्याकडे कोणाला पाठवतात, ज्याने मारामारी केली त्याला, जिने वहीत काहीतरी लिहिलं तिला. म्हणजे तिकडे जाणं ही शिक्षाच झाली, मग गप्प बसणारं पोर तिकडे जाईलच कशाला? बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यात ७४ माध्यमिक शाळांमध्ये एक मोठा प्रयोग झाला, सेहेर नावाचा, त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. काही शाळांत बाहेरून एक माणूस नेमला, डॉक्टर नाही, मानसशास्त्रज्ञ नाही, साधा प्रशिक्षण दिलेला माणूस, तो शाळेतच असायचा, सगळ्या मुलांसाठी, भित्तिपत्रक, प्रार्थनेच्या वेळी बोलणं, चिठ्ठ्या टाकायची पेटी, आणि ज्याला हवं त्याच्याशी एकट्याने बोलणं. काही शाळांत हेच काम तिथल्याच शिक्षकांना दिलं. नेमलेल्या माणसाच्या शाळांत दादागिरी कमी झाली, मुलांमधली नैराश्याची लक्षणं कमी झाली. शिक्षकांवर सोपवलेल्या शाळांत जवळजवळ काहीच फरक पडला नाही. मला याचं नवल वाटलं नाही, जो माणूस मार्क देतो, उभं करतो, घरी फोन करतो, त्याच्यापाशी कोण मन मोकळं करेल, आणि शिक्षकांना इलेक्शन ड्युटीपासून सगळी कामं असतात, त्यांना दोष देऊन उपयोग नाही. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक पाहिजे. म्हणजे आपण मागतोय ते काही जास्तीचं नाही.

आणि मुंबईला तर हे नवीन असायलाच नको. मुलांसाठीचं देशातलं पहिलं मार्गदर्शन केंद्र, चाइल्ड गायडन्स क्लिनिक, १९३७ साली इथेच सुरू झालं, आज ज्याला आपण टिस, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस म्हणतो त्या संस्थेने सुरू केलं. आज केईएम, सायन, नायर या तिन्ही ठिकाणी मानसोपचाराची ओपीडी आहे, केसपेपर काढायचा आणि दाखवायचं. ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था आहे. बऱ्याच घरांत भीती असते की एकदा गेलं की गोळ्या सुरू होतील, पण लहान त्रास असेल तर आधी बोलणं असतं, मुलाशी वेगळं, आईबाबांशी वेगळं. आणि पुढे लग्नाच्या वेळी कळेल म्हणून जे घाबरतात त्यांना सांगते, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिलेला आहे.

जायला वेळ नसेल तर १४४१६ लावा, सरकारची टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. मुलावर घरात किंवा बाहेर अत्याचार होत असेल तर १०९८, ही मुलांसाठीची हेल्पलाइन.

आणि एखाद्या मुलाने 'मला जगायचंच नाही' असं म्हटलं, गमतीत म्हटलं तरी, ते नाटक समजू नका. सरळ विचारा की तुझ्या मनात मरायचे विचार येतात का, विचारल्याने तो विचार मनात घुसत नाही, उलट सांगायला वाट मिळते. त्याला एकटं सोडू नका, घरातली औषधं, फिनाइल, असं सगळं उचलून ठेवा आणि त्याच दिवशी हॉस्पिटलला न्या. २०२२ मध्ये देशात १३ हजारांहून जास्त विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली आणि राज्यांमध्ये आपला महाराष्ट्र सगळ्यात वर होता. हे लिहितानाही हात जड होतो, पण न लिहून चालणार नाही.

तुमचं मूल यंदा सातवीत जात असेल तर जूनमधल्या पहिल्या पालकसभेत फी आणि बसच्या विषयांबरोबर एवढं विचाराच की शाळेत मुलांशी बोलायला कोण बसतं, कुठल्या वारी बसतं, आणि मुलाला वर्गशिक्षकांची चिठ्ठी न घेता स्वतःहून तिथे जाता येतं का. एकटीने विचारायला अवघड वाटलं तर बिल्डिंगमधल्या दोघी-तिघी मिळून विचारा, आणि उत्तर लेखी मागा.