तुम्ही विचारलंत म्हणून: खिशात फोन असताना रेकॉर्डरवाली केबल कशाला?

मला दोन प्रश्न विचारले जातात. पहिला मोठ्यानं, बहुतेक साउंडचेकच्या वेळी, चारचौघांत: "अरे, खिशात एवढा चांगला फोन आहे, मग ही रेकॉर्डरवाली केबल कशाला?" दुसरा नंतर, चहा घेताना, आवाज खाली आणून: "सांगून रेकॉर्ड करतोस ना?" पहिल्याचं उत्तर देऊन देऊन मी कंटाळलो आहे. दुसऱ्याचं अजून कुणालाच नीट दिलेलं नाही. आज दोन्ही लिहून ठेवतो.

केबल कसली ते थोडक्यात सांगतो. गिटार बनवणाऱ्या गिब्सननं रेकॉर्डर बनवणाऱ्या टॅस्कॅमच्या जोडीनं मेमरी केबल नावाची १६ फुटांची केबल काढली होती. तिच्यातच डबी, डबीत छोटं कार्ड. माझ्याकडची त्याच जातीची आहे. गिटारचा सिग्नल नेहमीसारखा अँपकडे जातो आणि वाटेत त्याची एक प्रत कार्डावर उतरते. ४४.१ किलोहर्ट्‌झ, १६ बिट, मोनो, म्हणजे सीडीच्याच दर्जाचं, पण एकाच चॅनेलचं. तासाला साधारण ३०० एमबी लागतात, म्हणजे ४ जीबीच्या कार्डात बारा-तेरा तासांचं वाजवणं मावतं. यापलीकडे तिच्यात काही जादू नाही.

आता फोन. गोव्यात कळंगुटच्या शॅकमध्ये, म्हणजे किनाऱ्यावरच्या झोपडीवजा हॉटेलात, टेबलावर फोन ठेवून तुम्हीही रेकॉर्ड केलं असेल. काय येतं त्यात? पंखा, लाटा, मागच्या टेबलावरची बडबड आणि ड्रम. ड्रमचा एक जोरदार ठोका पडला की फोन आपणहून पातळी खाली ओढतो आणि त्याच्या मागोमाग आलेला माझा कॉर्ड त्यात बुडतो. मधेच घरून फोन येतो, रेकॉर्डिंग तुटतं. मी फोनच्या विरोधात नाही. चतुर्थीला घरी घुमट, शामेळ, कासाळं ही वाद्यं घेऊन आरती सुरू झाली की मीही फोनच काढतो, कारण तिथं मला ते अख्खं घर हवं असतं. पुतण्याची चुकलेली ओळ हवी असते, मोठ्या काकांनी मधेच दिलेली दादही हवी असते. शॅकमध्ये मला जागा नको असते. माझ्या उजव्या हातानं काय केलं एवढंच हवं असतं.

लॅपटॉप का नाही, असंही विचारतात. हे विचारणाऱ्यांनी शॅकची वीज बघितलेली नसते. दर सीझनला उभा राहायचा आणि पावसाआधी उतरायचा मांडव तो. अर्थिंगचा भरवसा नाही. अँप एका पॉइंटवर, साउंडवाल्याचा मिक्सर दुसऱ्या. गिटार हातात धरून माइकला ओठ लावल्यावर शॉक बसलेले गिटारिस्ट गोव्यात शोधावे लागत नाहीत. अशा ठिकाणी चार्जर लावलेला लॅपटॉप मधे जोडला की घूं सुरू होतं आणि रात्रभर थांबत नाही. केबलमधला रेकॉर्डर स्वतःच्या बॅटरीवर चालतो, त्याला जमिनीकडे जायची दुसरी वाट नसते, म्हणून तो घूं आणत नाही. रात्री १० नंतर उघड्यावरचा स्पीकर बंद करावाच लागतो. तेव्हा अँप बंद करून नुसत्या तारांवर काही सुचलं तरी ते उतरतं, कारण तारांचा थरार पकडणाऱ्या गिटारवरच्या पिकअपला अँपची गरज नसते.

हिच्या उणिवा मला माहीत आहेत. सिग्नल कोरडा येतो. अँपची ऊब नाही, खोलीचा घुमार नाही. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं की गिटार बिघडली आहे. तो परत अँपमधून सोडला की जीव येतो, पण तेवढा खटाटोप करावा लागतो. शिवाय रेकॉर्डरचा इनपुट पिकअपला जड पडणारा असेल तर वरचे सूर मरतात. अँपच्या इनपुटचा विजेला होणारा रोध साधारण १ मेगाओम असतो, तेवढाच हिचाही असायला हवा. समुद्रकाठच्या हवेत जॅक लवकर काळवंडतो, तो पुसत राहावा लागतो. हे सगळं कबूल. तरीही मी हीच वापरतो, आणि खरं कारण वरच्या कुठल्याच मुद्द्यात नाही.

खरं कारण असं की फोन समोर ठेवला की मी फोनसाठी वाजवतो. हात आखडतो. जे जमतं तेच वाजवतो, जे जमेल न जमेल तिकडे जात नाही. सुचतं ते तेव्हा, जेव्हा कुणी ऐकत नाही असं वाटतं: तारा जुळवताना, गायकाची वाट बघताना, चुकून बोट गिटारच्या दुसऱ्या पडद्यावर, म्हणजे फ्रेटवर, पडलं तेव्हा. फोन उचलून बटण दाबेपर्यंत ते गेलेलं असतं. केबल तालमीच्या आधी एकदा सुरू केली की मी तिला विसरतो. या विसरण्यासाठीच मी पैसे मोजले.

आता दुसरा प्रश्न.

आमची तालीम म्हापशात, एका मित्राच्या घरामागच्या पत्र्याच्या खोलीत चालायची. सीझन संपलेला, मे महिना, पत्रे तापलेले. आमचा गायक माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, शाळेपासूनचा ओळखीचा. मी त्याला भाईच म्हणायचो. त्यानं स्वतः लिहिलेल्या एका मराठी गाण्याला आम्ही चाल लावत होतो. मुखडा बसला होता, अंतरा बसत नव्हता. त्याच सुमारास एका हॉटेलनं ठरल्यापेक्षा कमी पैसे हातावर ठेवले होते आणि वाटणीवरून आमच्यात कुरबुर चालू होती.

मी चहा आणायला कोपऱ्यावर गेलो. गिटार स्टँडवर, केबल लावलेली, डबीवरचा लाल दिवा चालू. परत आलो तेव्हा तिघंही गप्प होते आणि भाईच्या हातात माझी केबल होती.

"हें कितें रे?"

"भाई, रेकॉर्डर आहे त्यात. गिटार रेकॉर्ड होते."

"आणि आम्ही?"

"तुम्ही नाही. हिला माइक नाही."

"आवाज नेणारी वायर, आणि तिला आवाज ऐकू येत नाही?"

मी समजावायला लागलो. पिकअपमध्ये लोहचुंबक असतं, त्यावर तांब्याच्या तारेचे वेढे असतात, समोर पोलादी तार हलली की त्या वेढ्यांत वीज तयार होते. हवेतला आवाज त्याला कळत नाही. सगळं खरं होतं आणि त्या क्षणी कुणालाच ते ऐकायचं नव्हतं. मग मी म्हणालो, चला, ऐकूया. कार्ड काढलं, लॅपटॉपला लावलं, लॅपटॉप अँपला जोडला आणि चौघं ऐकत बसलो.

आधी माझं वाजवणं. मग गिटार स्टँडवर टेकवल्याचा दणका. मग ट्यूबलाइटची घरघर. ती संपेचना. मधेच खालची जाड तार किंचित थरारायची, कारण ड्रमवाल्याचा पाय किकला, म्हणजे पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमला, लागला होता. शब्द एकही नव्हता. मला वाटलं सिद्ध झालं, बंद करूया. भाई म्हणाला, "राहू दे, पूर्ण ऐकू."

मग मी त्यांच्याकडे बघितलं. त्या घरघरीत कोणत्या क्षणी कोण काय बोललं होतं, ते तिघांना आठवत होतं. कीबोर्डवाला एका जागी खाली बघायला लागला. ड्रमवाल्यानं थंड झालेला चहाचा ग्लास उचलला आणि तसाच परत ठेवला. भाई सरळ माझ्याकडे बघत होता. मला काहीच ऐकू येत नव्हतं, आणि तरी मी नसताना विषय मीच होतो एवढं मला कळलं. पैशांचा की वाजवण्याचा, ते आजही मला माहीत नाही. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

रेकॉर्डिंग संपलं. भाई म्हणाला, "काही ऐकू आलं नाही, मान्य. पण लावून ठेवलंय म्हणून सांगितलं नव्हतंस."

मी म्हणालो, "माझं मी वाजवतो, ते रेकॉर्ड करायला कुणाची परवानगी?"

त्यानं केबल नीट गुंडाळली, पीळ पडू न देता, जशी गुंडाळायला त्यानंच मला शिकवली होती, आणि अँपवर ठेवली. पुढच्या सीझनला तो दुसऱ्या ग्रुपबरोबर उभा होता. अंतरा तसाच राहिला.

तेव्हाचा मी आजही माझ्याशी भांडतो. तो म्हणतो, कायदा बघ. कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्यात २०१२ च्या दुरुस्तीनं ३८ अ हे कलम आलं. आपल्या सादरीकरणाचं ध्वनिमुद्रण करायचा हक्क कलाकाराचा. फोन टेबलावर ठेवणारा चौघांचं सादरीकरण उचलतो, तू फक्त स्वतःचं उचलतोस. मग फोनवाल्याला कुणी काही का विचारत नाही, आणि तुलाच का?

मी त्याला सांगतो की मी साथीला होतो. त्या मे महिन्यातल्या फायली मी नंतर खूप वेळा ऐकल्या. मुखड्याच्या दुसऱ्या ओळीला माझा हात थांबतो, कारण तिथं भाई मींड लांबवायचा. एका जागी लय किंचित मागे येते, कारण तिथं तो श्वास घ्यायचा. त्याचा आवाज कार्डावर कुठेच नाही, पण तो कुठे गायचा आणि कुठे थांबायचा हे सगळं माझ्या वाजवण्यात आहे. हे फक्त माझं, असं मी कोणत्या तोंडानं म्हणू?

तेव्हाचा मी गप्प बसत नाही. तो विचारतो, मग साथीदारानं स्वतःचा सराव कधी ऐकायचाच नाही का? यावर माझ्याकडे उत्तर नाही.

आणखी एक गोष्ट मी त्या दिवशी कुणाला सांगितली नाही. माझ्या हातात सॉलिड बॉडीची, म्हणजे भरीव लाकडाची, इलेक्ट्रिक होती म्हणून शब्द आले नाहीत. घोडीखाली पिएझो, म्हणजे चुंबकाशिवाय थेट थरारातून वीज करणारा पिकअप, असलेली अकूस्टिक असती, तर तिचं पोकळ लाकूड बोलण्यानंही थरारतं आणि पिएझो तो थरार पकडतो. जवळ बसून कुणी मोठ्यानं बोललं असतं तर पुसट का होईना, काहीतरी उतरलं असतं. म्हणजे भाईची शंका अडाणीपणाची नव्हती. चुंबकाचं जे प्रवचन मी दिलं ते त्या एका गिटारपुरतं खरं होतं.

म्हणून हल्ली मी सांगतो. नव्या लोकांबरोबर तालमीला बसलो की आधी डबी वर धरून दाखवतो: लाल दिवा लागलाय, फक्त गिटार उतरते, नको असेल तर सांगा. कुणी नको म्हटलं तर बंद करतो. बहुतेक जण चालेल म्हणतात. पण सांगितल्यावर पुढची दहा-पंधरा मिनिटं सगळे जपून वाजवतात, मीही. बोलणं कमी होतं, थट्टा थांबते. फोन समोर असताना जे व्हायचं तेच होतं. जे विसरता यावं म्हणून केबल घेतली, ते सांगितल्यावर विसरता येत नाही. आणि न सांगता चालत नाही. यातून मला अजून वाट सापडलेली नाही. कुणी सापडली म्हणत असेल तर मला ती कळू दे.

गेल्या शिगम्यात एका सामाईक मित्राकडून कळलं की भाई ते गाणं पुन्हा करायला घेतोय आणि त्याला चाल नीट आठवत नाही. मी न विचारताच मुखड्याची फाइल त्याला पाठवली. माझे कॉर्ड, माझे थांबे. त्यावरून त्याला त्याची ओळ सापडेल असं मला वाटलं. दोन दिवसांनी त्याचा मेसेज आला. गाण्याबद्दल एक अक्षर नाही. विचारलं होतं, "चहाच्या वेळचं अजून ठेवलंयस?"

ठेवलंय. मी काही ऐकलं नव्हतं याचा माझ्याकडे तेवढाच पुरावा आहे, म्हणून पुसत नाही. हे त्याला कसं लिहायचं ते कळत नाही, म्हणून मेसेजला उत्तर गेलेलं नाही.