मोमोका मुराओकाचा तक्ता: सोची ते बीजिंग भरून झाला

जपानची बसून स्की करणारी खेळाडू मोमोका मुराओका हिच्या हिवाळी पॅरालिम्पिकच्या 2014, 2018 आणि 2022 च्या ओळी पूर्ण झाल्या. (डाउनहिल आणि सुपर-जी या उतारावरच्या वेगाच्या शर्यती, स्लॅलम आणि जायंट स्लॅलम वळणांच्या, सुपर कम्बाइन्ड म्हणजे सुपर-जी आणि स्लॅलमची एकेक फेरी मिळून.) सोचीत जायंट स्लॅलममध्ये पाचवी. प्योंगचांगला पाच शर्यतींत पाच पदकं: जायंट स्लॅलमचं सुवर्ण, डाउनहिल आणि स्लॅलमचं रौप्य, सुपर-जी आणि सुपर कम्बाइन्डचं कांस्य. बीजिंगला डाउनहिल, सुपर-जी आणि जायंट स्लॅलमची सुवर्णं, शिवाय सुपर कम्बाइन्डचं रौप्य. मधली टोकियोची उन्हाळी स्पर्धा वेगळ्या रकान्यात आहे, कारण तिथे ती टी54 या व्हीलचेअर धावपटूंच्या गटात 100 मीटर व्हीलचेअर शर्यतीत उतरली आणि सहावी आली. त्यानंतर सहाच महिन्यांत बर्फावर तीन सुवर्णं! या कारकिर्दीतली ही सगळ्यात थक्क करणारी नोंद.

ओळी पदकांच्या रंगाने लावू नका, शर्यतीच्या प्रकाराने लावा. मग दिसतं की 2018 मध्ये डाउनहिल आणि सुपर-जी जर्मनीच्या आना शाफेलहुबरने जिंकल्या होत्या आणि 2022 मध्ये त्याच दोन्ही मुराओकाकडे आल्या. स्लॅलम आणि सुपर कम्बाइन्ड मात्र दोन्ही वेळा जर्मनीच्याच आना-लेना फोर्स्टरने जिंकल्या. म्हणजे मुराओकाची झेप वेगाच्या शर्यतींतली आहे. शाफेलहुबर 2019 मध्ये निवृत्त झाली, हे शेऱ्यात लिहायलाच हवं, नाहीतर तुलना एकांगी होते.

वेळेचे रकाने तीन हवेत: घड्याळी वेळ, गुणांक (वेगवेगळ्या अपंगत्वाच्या खेळाडूंची तुलना बरोबरीची व्हावी म्हणून प्रत्येक वर्गाला दिलेला आकडा), हिशेबी वेळ. बसून स्की करणाऱ्यांत एलडब्ल्यू10 ते 12 असे वर्ग आहेत. धडाचा तोल अजिबात किंवा जवळजवळ राखता येत नसेल तर 10, थोडा राखता येत असेल तर 11, चांगला राखता येत असेल तर 12. घड्याळी वेळेला वर्गाच्या गुणांकाने गुणायचं. समजा 60 सेकंद आणि गुणांक 0.80, तर हिशेबी वेळ 48.00. क्रम यावरच ठरतो.

चुका बहुतेक इथेच होतात. गुणांक शर्यतीच्या प्रकारागणिक वेगळा असतो, त्यामुळे सुपर कम्बाइन्डमध्ये सुपर-जीची आणि स्लॅलमची फेरी आधी आपापल्या गुणांकाने गुणायची आणि मगच बेरीज करायची. गुणांक वेळोवेळी बदलतात, म्हणून प्रत्येक ओळीत त्या हंगामाचाच आकडा टाका. आणि 1:29 लिहिलंत तर स्प्रेडशीट त्याला एक तास एकोणतीस मिनिटं समजते. सगळं सेकंदांत भरा, 89.00 असं.

व्हिडिओवरून शेरे लिहिताना नजर हातातल्या आउटरिगरवर (टोकाला छोटी स्की असलेल्या आधारकाठीवर) ठेवा. बसलेल्या स्कीपटूला वळताना गुडघ्यांनी स्कीची कड बर्फात धरता येत नाही, त्यामुळे धड आत झुकवावं लागतं. झुकाव जास्त झाला की आतला आउटरिगर बर्फावर दाबला जातो आणि वेग तिथेच जातो. सीटखालचा शॉक अब्सॉर्बर फार झटकन उसळला, तर खडबडीत भागात स्की बर्फावरून सुटते. शेऱ्यात ही दोन कारणं वेगवेगळी नोंदवा.

पुढचं काम फोर्स्टरच्या ओळींचं: आधी दोन्ही सुपर कम्बाइन्ड, फेऱ्या सुट्या करून.