रिपोर्ट नॉर्मल आला तरी हिमोफिलिया असतोच

माझ्या भाच्याला सिव्हिअर हिमोफिलिया ए आहे, म्हणजे रक्त गोठायला लागणारं फॅक्टर ८ हे प्रथिन शरीरात जवळपास नाहीच, आणि वरून इन्हिबिटर, म्हणजे फॅक्टर ८ बाहेरून दिलं की त्याचं शरीरच ते हाणून पाडतं. आता त्याला एमिसिझुमॅब सुरू आहे, हेमलिब्रा म्हणतात ते, फॅक्टर ८ चं काम करणारं इंजेक्शन. शीर शोधत बसायला नको, पोटाला नाहीतर मांडीला कातडीखाली द्यायचं. पहिले ४ आठवडे दर आठवड्याला आणि मग डॉक्टर ठरवतील तसं आठवड्याने, पंधरवड्याने किंवा ४ आठवड्यांनी. गुडघे सुजायचे जवळपास थांबले, पोरगं सायकल चालवतंय, आम्हाला किती बरं वाटतंय ते सांगता येणार नाही.

साइड इफेक्ट म्हणाल तर सुईच्या जागी लाली, खाज, कधी डोकं किंवा सांधे दुखणं, त्याचं एवढं टेन्शन नाही. खरी काळजी घ्यायची ती फीबाची, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या जुन्या इंजेक्शनची. इन्हिबिटरवाल्यांच्या घरात हे नाव पाठ असतं, कारण आधी ब्लीड झाला की तेच द्यायचे. पण एमिसिझुमॅब चालू असताना फीबा जास्त डोसमध्ये, २४ तासांत किलोमागे १०० युनिटच्या वर, एक दिवस किंवा जास्त दिलं गेलं तर काही पेशंटमध्ये रक्ताच्या गुठळ्या झाल्या, बारीक रक्तवाहिन्या बंद पडून किडनीवर परिणाम झाला. म्हणून आता ब्लीड झाला तर शक्यतो फॅक्टर ७ए हे रक्त गोठवणारं दुसरं औषध देतात, आणि घरी फ्रीजमध्ये जुनं फीबा पडलं असेल तर स्वतःच्या मनाने अजिबात द्यायचं नाही, आधी हिमोफिलिया सेंटरला फोन. पाय सुजून दुखणं, छातीत दुखणं, दम लागणं, लघवी कमी होणं, डोळे पिवळे दिसणं, यातलं काही झालं तर सकाळपर्यंत थांबू नका.

दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते म्हणून मुद्दाम लिहितेय, एमिसिझुमॅबवर एपीटीटी, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ती टेस्ट, नॉर्मल येते. रक्तस्रावाचा धोका कमी झाला तरी असतोच, फक्त कागदावर दिसत नाही. नवीन डॉक्टर तो रिपोर्ट बघून दात काढायला किंवा ऑपरेशनला हो म्हणू शकतात, त्यांचा दोष नाही, त्यांना औषधाचं सांगायलाच हवं. फॅक्टर ८ मोजायचं असेल तर वेगळ्या पद्धतीची, क्रोमोजेनिक टेस्ट लागते, तीही गाईच्या प्रथिनांचं रिएजंट वापरणारी. शेवटच्या डोसनंतर ६ महिन्यांपर्यंत हा परिणाम राहू शकतो, फीबाचा धोकाही.

आणि हो, ताप आला तर पॅरासिटामॉलच. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन असतं, डिस्प्रिन म्हणजे अ‍ॅस्पिरिन, दोन्ही नको, आणि दंडात किंवा कमरेत खोल सुई तर नकोच.

भाच्याच्या दप्तरात आम्ही एक कार्ड ठेवलंय, आजार, इन्हिबिटर, औषधाचं नाव, शेवटच्या डोसची तारीख, सेंटरचा नंबर आणि लाल पेनने "फीबा देण्याआधी फोन करा". तुमच्याकडे असं कार्ड नसेल तर आजच करा प्लीज, एक शाळेतही देऊन ठेवा.