खुट्ट्याभोवती अडीच दिवस

भंडारदऱ्याला मी याआधी चारदा गेलेय आणि चारही वेळा सेम कार्यक्रम, म्हणजे धरणाजवळ गाडी लावायची, भाजलेलं कणीस खायचं, रंधा धबधब्याचे फोटो काढायचे आणि संध्याकाळच्या ट्रॅफिकच्या धास्तीने कसाऱ्याकडे सुटायचं. यावेळी माझा मामेभाऊ म्हणाला की ताई आपण धरण बघायचंच नाही, धरणाच्या मागे जायचं. डिसेंबरचा पहिला आठवडा होता, सुट्ट्या शिल्लक होत्या, गुडघा बरा होता. निघालो.

घोटीवरून आत वळलं की बारी लागतं, तिथे कळसूबाईवाल्यांची गर्दी, मग शेंडी. बहुतेक सगळे तिथेच थांबतात. पण शेंडीवरून जलाशयाला पूर्ण वळसा घालणारा रस्ता आहे, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी आणि परत शेंडी. गावांची ही नावंच मला इतकी आवडली की मी भावाला दोनदा म्हणून दाखवली (तो ड्रायव्हिंग करत होता, त्याला रस्त्यातले खड्डे जास्त महत्त्वाचे वाटत होते). हा सगळा भाग कळसूबाई हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे झाडी अजून शिल्लक आहे. एका वळणावर शेकरू दिसलं, दोन सेकंद, लालसर शेपटी आणि गायब. भावाला दिसलंच नाही, तो अजूनही मी ते कल्पनेने बघितलं असंच म्हणतो.

घाटघरच्या कोकणकड्यावर पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. इथे एक गंमत आहे. कड्याच्या अलीकडचं पाणी प्रवरेला जातं, तिथून गोदावरी आणि गोदावरीतून थेट बंगालच्या उपसागरात. कड्याच्या पलीकडे पडलेला थेंब मात्र खाली शहापूर तालुक्यात उतरतो आणि अरबी समुद्राकडे निघतो. माणसाने यात पण हात घातलाय, वर एक धरण, खाली चोंढ्याजवळ दुसरं, विजेची मागणी कमी असली की खालचं पाणी पंपाने वर चढवायचं आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करायची, अडीचशे मेगावॅटचा प्रकल्प आहे. भाऊ इंजिनिअर असल्याने तो यावर अर्धा तास बोलला. मी तोपर्यंत कडा बघत बसले. सह्याद्रीचा कडा नीट बघितला तर भाकरीच्या चवडीसारखा दिसतो, एकावर एक थर. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा येत राहिला, थंड होत राहिला, परत त्यावर नवा आला, ती ही चवड. मऊ थर आधी झिजतो, कडक थर बाहेर डोकावत राहतो, आणि मग त्यातून काय काय आकार निघतात ते पुढे सांगतेच.

मुक्काम साम्रदला, एका घरी. घराच्या मागच्या बाजूच्या भिंती अजून कारवीच्या कुडाच्या होत्या, वर शेणामातीचा लेप. ओट्यावर बसलं की समोर रतनगड आणि त्याच्या शेजारी, गडापासून सुटा उभा असलेला एक सुळका. मावशींना विचारलं, त्याला काय म्हणतात? "खुट्टा." म्हणजे जात्याचा खुट्टा. आमच्या आजीच्या जात्याला असायचा तो, हाताच्या घामाने गुळगुळीत झालेला. मी म्हटलं, उद्या परवा आम्ही याच्या जवळ जाणार. मावशी हसल्या, "एवढ्या लांबून खुट्टा बघाया आलात व्हय? आमी रोज बघतो, त्याला काय हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी सांदण दरी. गावातून चालत वीसेक मिनिटांत तोंडाशी पोचतो आणि तोपर्यंत इथे काही आहे असा संशयही येत नाही, सपाट माळ, झाडी, आणि अचानक जमीन चिरलेली. आत उतरलं की दोन्ही बाजूंना सरळ भिंती, दोनेकशे फूट तरी सहज, आणि मध्ये काही ठिकाणी इतकी चिंचोळी वाट की डोक्यावर आभाळाची फक्त फीत उरते. खाली सगळे धोंडे, फ्रीजएवढे, रिक्षाएवढे, एक तर आमच्या वन बीएचकेच्या हॉलएवढा. पाण्याची दोन डबकी लागतात, पहिल्यात गुडघ्याच्या वरपर्यंत, दुसऱ्यात मला छातीपर्यंत, आणि ते पाणी असं गार की तोंडातून आईचं नावच निघालं. फोन मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून डोक्यावर धरला होता, पिशवीला भोक होतं, फोन त्या दिवसापासून फक्त स्पीकरवर बोलतो.

बरोबर गावातले एक काका वाट दाखवायला होते. ते दरीत फार बोलत नव्हते, फक्त एका ठिकाणी भिंतीवर, माझ्या डोक्याच्या खूप वर, अडकलेलं लाकडाचं ओंडकं दाखवलं. पावसात पाणी तिथपर्यंत येतं. आत असताना वर कुठे पाऊस झाला तर पळायला बाजूच नाही, म्हणून पावसाळ्यात दरी बंद असते आणि दरवर्षी कोणीतरी तरीही वाद घालतं. पुढे जिथून दोर लावून उतरावं लागतं तिथे आम्ही थांबलो. तिथून दरी खाली कोकणात, डेहण्याच्या बाजूला उघडते. म्हणजे काल कड्यावरून बघितलेली तीच पाण्याची वाटणी, पण आज आम्ही पाण्याच्या वाटेतच उभे होतो. परत फिरताना धोंड्यांच्या फटीत चिप्सची पाकिटं, एक चप्पल, कोणाच्या तरी वाढदिवसाचा फुगा. काकांनी फुगा काढून खिशात घातला. मी चप्पल घेतली. भावाने पाकिटं.

दुपारी गाडीने रतनवाडी. अमृतेश्वराचं देऊळ तुम्ही फोटोत बघितलं असेल, शिलाहारांच्या काळातलं, काळ्या दगडाचं, बारीक नक्षीचं. फोटोत येत नाही ती तिथली शांतता आणि शेजारची पुष्करणी. मी मंडपात बसून खांबांवरचं कोरीव काम बघत होते आणि मनात येत होतं की हा पण तोच दगड, कड्यावरचा, सांदणच्या भिंतीतला. प्रवरा इथेच रतनगडाच्या कुशीत उगम पावते. तिला अमृतवाहिनी म्हणतात, आणि देऊळ अमृतेश्वराचं. इथून बघितलेला खुट्टा साम्रदच्या खुट्ट्यासारखा अजिबात दिसत नाही बरं का. तिकडून ताठ, इकडून जरा जाड, अंगठा वर केल्यासारखा. भावाचं म्हणणं हा दुसराच सुळका आहे. पैज लागली, मिसळीची.

तिसऱ्या दिवशी पहाटे रतनगड. काल साम्रदवाल्या काकांच्या पुतण्याशी ठरवून ठेवलं होतं, आम्ही रतनवाडीकडून चढायचं आणि पलीकडे साम्रदला उतरायचं, मग तो बाईकवरून आम्हाला गाडीपाशी सोडणार. सुरुवातीला नदीच्या पात्राच्या कडेने आणि मग दाट जंगलातून चढ आहे, इतकं दाट की सात वाजले तरी आत अंधारच. मग लोखंडी शिड्या. शिड्यांबद्दल मी काही बोलणार नाही, माझ्या भावाने व्हिडिओ काढलाय तो त्याने डिलीट करावा एवढीच अपेक्षा. गणेश दरवाजा, पुढे रत्नादेवीची गुहा, तिथे माकडांनी आमची लिंबं आणि ग्लुकोजचा पुडा नेला. पुडा फोडून, चव घेऊन, टाकून दिला. अपमानच.

आणि नेढं. डोंगराच्या माथ्याला आरपार भोक, सुईला असतं तसं, फक्त यात दहाबारा माणसं पाय सोडून बसतील. खालून ते उजेडाच्या टिकलीएवढं दिसतं, आत गेलं की वारा असा अंगावर येतो की टोपी हातात धरावी लागते. एका बाजूला जलाशय, त्यामागे कळसूबाई, अलंग मदन कुलंगची रांग. दुसरीकडे बघितलं तर कात्राबाई, आजोबा. बोर्ड नाही, रेलिंग नाही, पॉइंटचं नाव नाही. आम्ही तिथे तासभर बसलो आणि तासात दोघं मिळून चार वाक्यं बोललो असू, त्यातलं एक "पाणी दे".

उतरताना त्र्यंबक दरवाजा. कातळात खोदलेला, पायऱ्या उंच उंच, माझ्यासारख्या पाच फुटी बाईने बसून बसूनच उतरायच्या. त्याच्या खालून वाट कड्याला चिकटून जाते आणि मग एका वळणावर खुट्टा एकदम समोर. इतका जवळ की मान मागे टाकली तरी टोक दिसेना. अडीच दिवस आम्ही ज्याच्याभोवती फिरत होतो तो हा, आणि त्याच्या पायथ्याशी तो खुट्टा नाही, सुळका नाही, अंगठा तर नाहीच, नुसती काळी भिंत, फटींमध्ये वाळलेलं गवत आणि कुठल्यातरी पक्ष्याची पांढरी शिट. मी हात लावला. उन्हाची बाजू असून दगड गार होता.

साम्रदला पोचलो तर मावशी ओट्यावरच होत्या. चहा टाकला. मी पैजेचा निकाल विचारला, दोन्हीकडून दिसतो तो एकच ना? "एकच की. दोन कशाला लागत्यात जात्याला."

भावाने मिसळ अजून दिलेली नाही. आणि खुट्ट्याच्या पायथ्याशी काढलेला माझा फोटो मी फॅमिली ग्रुपवर टाकला, त्यावर आईचा रिप्लाय आला, "छान. पण भिंतीसमोर का उभी आहेस?"