सेंट मेरीज बेट: विझलेलं दीपगृह आणि भरतीचं वेळापत्रक

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, न्यूकॅसलजवळच्या व्हिटली बे गावाच्या उत्तरेला सेंट मेरीज हे चिमुकलं खडकाळ बेट आहे. त्यावरचं पांढरंशुभ्र दीपगृह १९८४ साली कायमचं बंद झालं, पण तिथं जायचं ठरवलं की आजही आधी भरती-ओहोटीचं कोष्टक उघडावं लागतं. बेटावर नेणारा काँक्रीटचा रस्ता भरतीला पाण्याखाली जातो. मुंबईतला हाजी अलीचा रस्ता आठवा, तसाच.

न्यूकॅसलहून मेट्रोनं व्हिटली बे स्टेशनला उतरलो आणि समुद्राच्या कडेनं उत्तरेकडे चालत निघालो. स्पॅनिश सिटी या जुन्या करमणूक केंद्राचा १९१० सालचा पांढरा घुमट मागे पडतो, मनोरा समोर हळूहळू उंच होत जातो. रमतगमत पाऊण तास लागतो. गाडीनं थेट करीज पॉइंटच्या वाहनतळापर्यंत जाता येतं, पण पाय धड असतील तर चालतच जा. खलाशांना हा मनोरा लांबून कसा दिसत असेल, याचा अंदाज या वाटेवरच येतो.

करीज पॉइंट हे बेटासमोरचं मुख्य भूमीचं टोक. १७३९ मध्ये मायकेल करी नावाच्या माणसाला हार्टली गावातल्या एका खानावळवाल्याच्या खुनाबद्दल फाशी झाली आणि त्याचं प्रेत साखळदंडात अडकवून इथं टांगलं गेलं. जिथं खून झाला ती जागा इथून दिसत होती, म्हणून हे टोक निवडलं. जागेला त्याचंच नाव चिकटलं.

बेटावरच्या दिव्याची गोष्ट मात्र त्याहून कितीतरी जुनी आहे. मध्ययुगात इथं भिक्षूंचं छोटं प्रार्थनामंदिर होतं आणि खडकांपासून जहाजांना सावध करायला ते तिथं दिवा तेवत ठेवत. त्याच जागी ट्रिनिटी हाउस या इंग्लंडमधली दीपगृहं सांभाळणाऱ्या संस्थेनं आजचं दीपगृह उभारलं. सुमारे साडेसात लाख विटा आणि ६४५ दगडी चिरे त्यात गेले. ३१ ऑगस्ट १८९८ रोजी दिवा लागला आणि टाइनमथच्या किल्ल्यातल्या जुन्या दिव्याचं काम संपलं. दर २० सेकंदांना दोन झोत, ही याची खूण. खलाशी झोत मोजून कोणतं दीपगृह आहे ते ओळखत, त्यामुळे शेजारच्या दिव्यांचा ताल कधीच सारखा ठेवत नसत.

मला सर्वांत जास्त भावलं ते हे की हा दिवा १९७७ पर्यंत रॉकेलवर जळत होता. याच किनाऱ्यावर दक्षिणेला असलेलं सूटर दीपगृह १८७१ मध्येच विजेवर सुरू झालं होतं! इथं मात्र रखवालदारांच्या पिढ्या तेल भरत, काजळी पुसत राहिल्या. वीज आली, तेव्हा मूळचं प्रचंड भिंग उतरवलं गेलं. १९८२ मध्ये दिवा स्वयंचलित झाला आणि पुढच्या दोन वर्षांत बंदच. जहाजांकडे नवी साधनं आली होती. उतरवलेलं भिंग पेन्झन्सच्या दीपगृह संग्रहालयात गेलं होतं. ते संग्रहालय बंद झाल्यावर २०११ मध्ये परत इथं आलं, याचा मला मनापासून आनंद आहे. नॉर्थ टाइनसाइडच्या नगरपरिषदेनं ही वास्तू जपली, लोकांसाठी खुली केली, हेही मोलाचं.

वर जायला १३७ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही. जिना भिंतीला धरून गोल गोल चढतो आणि मधला भाग तळापर्यंत मोकळा आहे. उंचीची भीती वाटत असेल तर भिंतीच्या बाजूनं चढा, खाली बघू नका. गुडघे दुखत असतील तर खालचा भाग आणि बेटाची फेरी एवढंही पुरेसं आहे.

आता मुख्य सूचना. रस्ता सुरक्षितपणे ओलांडण्याच्या वेळा नगरपरिषद जाहीर करते आणि रस्त्याच्या तोंडाशीही लावते, त्याच पाळा. दीपगृह उघडण्याच्या वेळा भरतीप्रमाणे बदलतात, म्हणून निघायच्या दिवशी पुन्हा खात्री करा. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे मित्रानं गेल्या आठवड्यात सांगितलेली वेळ उपयोगाची नाही. काही कोष्टकं ग्रिनिच वेळेत असतात. उन्हाळ्यात त्यात एक तास मिळवावा लागतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात किंवा वारा जोराचा असेल तर पाणी लवकर चढतं. पाणी रस्त्यावर आलेलं दिसलं की उथळ वाटलं तरी उतरू नका.

रस्ता मोकळा झाल्यावर लगेच पलीकडे जावं म्हणजे निवांत वेळ मिळतो. ओहोटीला खडकांतल्या डबक्यांत खेकडे, शिंपले पाहता येतात. शेवाळ फार निसरडं असतं, चांगली पकड असलेले बूट घाला. बेटाभोवतीच्या खडकांवर करडे सील विसाव्याला येतात. त्यांच्या जवळ जाऊ नका, कुत्रा असेल तर पट्ट्यात ठेवा. घाबरून ते पाण्यात उतरले की त्यांची विश्रांती मोडते, पिल्लांचे तर हालच होतात. दुर्बीण न्या आणि लांबूनच बघा.