पसरट शिखर म्हणजे रिलॅक्सर नव्हे

परमिटिव्हिटीचा (विद्युतक्षेत्रात पदार्थ किती ध्रुवीकृत होतो त्या मापाचा) तापमानानुसार काढलेला आलेख टोकदार न येता घुमटासारखा आला, की नमुना रिलॅक्सर, म्हणजे फ्रिक्वेन्सीबरोबर शिखर सरकणारा फेरोइलेक्ट्रिक, निघाला असं ठोकून द्यायची घाई होते. पावडर नीट मिसळली गेली नसेल तरीही असाच घुमट येतो. फरक कळतो तो मोजणीची फ्रिक्वेन्सी बदलल्यावर. पीएमएन, म्हणजे लेड मॅग्नेशियम नायोबेट, 1 किलोहर्ट्झला साधारण उणे 10 अंश सेल्सिअसला शिखर गाठतं. फ्रिक्वेन्सी वाढवली की शिखर वरच्या तापमानाकडे सरकतं आणि बसकंही होतं. मिसळण चुकली असेल, तर घुमट पसरट असतो पण जागचा हलत नाही.

पीएमएनचं शिखर का हलतं, तर मॅग्नेशियमवर +2 आणि नायोबियमवर +5 भार, आणि दोघं स्फटिकात एकाच प्रकारच्या जागांवर बसतात. त्यांची सुबक मांडणी 2 ते 5 नॅनोमीटरच्या तुकड्यांपुरतीच टिकते. त्यामुळे प्रत्येक ठिकाणचं विद्युतक्षेत्र वेगळं आणि ध्रुवीकरणाला एक दिशा धरता येत नाही; छोटे ध्रुवीय पुंजके आपापल्या वेगाने उलटत राहतात. लेड स्कँडियम टँटालेटमध्ये मांडणीचा हा परिणाम उघड दिसतो: 1000 अंशांच्या आसपास बराच वेळ ॲनील केलं, म्हणजे तापवून ठेवलं, की मांडणी लागते, संक्रमण टोकदार होतं. रासायनिक सूत्र तेच! पीएमएन मात्र ॲनीलिंगला फारशी दाद देत नाही. तिथे तुकडे वाढवायला लॅन्थॅनम घालावं लागतं.

आता पावडर. शिसं, मॅग्नेशियम आणि नायोबियमचे तिन्ही ऑक्साइड एकदम भाजले तर शिसं आधी नायोबियमला धरतं आणि पायरोक्लोर हा नको असलेला स्फटिक तयार होतो, ज्याची परमिटिव्हिटी अगदीच किरकोळ. म्हणून आधी मॅग्नेशियम आणि नायोबियमचे ऑक्साइड भाजून कोलंबाइट, म्हणजे मॅग्नेशियम नायोबेट, करून घ्यायचं. 100 ग्रॅम पीएमएनसाठी 31.37 ग्रॅम मॅग्नेशियम नायोबेट आणि 68.63 ग्रॅम लेड ऑक्साइड. मॅग्नेशियम ऑक्साइड हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड ओढतं. 1000 अंशांना भाजून, डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) गार करून लगेच तोला. नाहीतर वजन बरोबर दिसतं, मॅग्नेशियम कमी पडतं आणि एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तनात) 29.3 अंशांच्या कोनाजवळ पायरोक्लोरची रेषा उगवते. पेरोव्स्काइटची, म्हणजे हव्या असलेल्या पीएमएन स्फटिकाची, मुख्य रेषा 31.4च्या आसपास असते, त्यामुळे पायरोक्लोरची चटकन ओळखू येते.

सिंटरिंग (दाबलेली पावडर भाजून घट्ट करणं) साधारण 1200 अंशांना, झाकलेल्या ॲल्युमिना क्रुसिबलमध्ये, त्याच पावडरीत पुरून. झाकण सैल राहिलं की शिसं उडतं. आधी-नंतरचं वजन करा, आणि हे सगळं फ्यूम हुडमध्येच.