डब्ल्यूआरएक्सला मॅन्युअल बूस्ट कंट्रोलर बसवताना

मॅन्युअल बूस्ट कंट्रोलर म्हणजे तळहातावर मावणारी पितळी किंवा अ‍ॅल्युमिनियमची नळी. आत एक छर्रा आणि एक स्प्रिंग, वर एक स्क्रू आणि चेकनट. बसवायला दोन तास पुष्कळ झाले. पण तो बसला की टर्बोचा दाब, म्हणजेच बूस्ट, ठरवण्याचं काम ईसीयूच्या (इंजिन सांभाळणार्‍या संगणकाच्या) हातून जातं. ते काम नेमकं काय होतं हे समजल्याशिवाय स्क्रूला हात लावू नये.

उदाहरणासाठी अमेरिकेत विकली गेलेली २००२ ते २००५ ची सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स घेऊ. दोन लिटरचं ईजे२०५ इंजिन, टीडी०४ टर्बो, एअर फ्लो सेन्सरवर चालणारं इंधनाचं गणित आणि केबलचा थ्रॉटल. मॅन्युअल कंट्रोलर अशाच गाडीवर शोभतो. नव्या गाड्यांवर का नाही, ते पुढे येईल.

आधी कारखान्याची रचना पाहू. टर्बोच्या कॉम्प्रेसरवर एक बारीक निपल असतो. तिथून निघालेला दाब वेस्टगेट नावाच्या झडपेच्या अ‍ॅक्च्युएटरवर जातो, डायफ्रॅम स्प्रिंगला दाबतो, झडप उघडते आणि जास्तीचा एक्झॉस्ट टर्बाइनला वळसा घालून निघून जातो. एवढंच असतं तर बूस्ट स्प्रिंगच्या ताकदीवरच थांबला असता. म्हणून मध्ये एक टी (तीन तोंडांचा जोड) आहे. टीची तिसरी वाट सोलेनॉइडकडे (विजेवर चालणार्‍या व्हॉल्व्हकडे) आणि तिथून टर्बोच्या आधीच्या इनटेक पाइपात जाते. ईसीयू सोलेनॉइड उघडझाप करून थोडा दाब पळवतो, अ‍ॅक्च्युएटरला कमी दाब कळतो, झडप उशिरा उघडते आणि बूस्ट साधारण १३.५ पीएसआयपर्यंत चढतो. या होजमध्ये एक छोटी भोकाची गोळीही असते. ती दाबाचा ओघ आवळते, म्हणजे सोलेनॉइडला तो पळवणं सोपं जातं.

हे सगळं करताना ईसीयू बरंच काही पाहत असतो. इंजिन थंड आहे का, आत येणारी हवा किती गरम आहे, बाहेरचा वातावरणीय दाब किती आहे. सगळ्यात महत्त्वाचं, नॉकिंग होतंय का, म्हणजे मिश्रण आपोआप भडकून इंजिनात ठोके पडतायत का. नॉकिंग सतत दिसलं तर तो इग्निशन मागे घेतोच, शिवाय बूस्टही खाली आणतो. मॅन्युअल कंट्रोलर यातलं काहीच पाहत नाही. त्याला फक्त स्प्रिंग कळते. इग्निशन मागे घेण्याचं काम ईसीयूकडे राहतं, पण बूस्ट कमी करण्याचं हत्यार त्याच्याकडे उरत नाही.

कंट्रोलर दोन जातींचे मिळतात. एक गळतीचा: टी लावून सुईच्या व्हॉल्व्हमधून थोडा दाब बाहेर सोडायचा. स्वस्त पडतो, पण अ‍ॅक्च्युएटरवर दाब पहिल्यापासून पोहोचत राहतो, त्यामुळे झडप लवकर किंचित उघडायला लागते आणि टर्बो उशिरा भरतो. दुसरा छर्रा-स्प्रिंगचा. स्क्रूने ठरवलेला दाब येईपर्यंत छर्रा वाट अडवून धरतो, अ‍ॅक्च्युएटरला काहीच कळत नाही, झडप घट्ट मिटलेली राहते. दाब आला की छर्रा उचलला जातो आणि झडप एकदम उघडते. मधल्या आरपीएमला गाडी जी तरतरीत वाटते ती यामुळे. घ्यायचा तर हाच घ्यावा.

घेताना एक गोष्ट बघा. छर्‍याच्या पुढे, वेस्टगेटच्या बाजूला, जेमतेम एक मिलिमीटरचं किंवा त्याहून बारीक भोक असतं. तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर सोडला की छर्रा बसतो आणि अ‍ॅक्च्युएटरमधला दाब होजमध्ये कोंडतो. तो बाहेर पडायला हीच वाट. भोक नसेल किंवा तेल-धुळीने बुजलं असेल तर झडप अर्धवट उघडी राहते आणि दुसर्‍यांदा जोर लावल्यावर गाडी मरगळलेली वाटते. पहिल्या खेचीत (पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरच्या धावेत) बूस्ट नीट, गिअर बदलल्यावर कमी, अशी तक्रार असेल तर आधी हे भोक तपासा.

काम सुरू करण्याआधी बूस्ट गेज लागतोच. त्याचा दाब थ्रॉटलच्या पुढच्या, मॅनिफोल्डच्या मोकळ्या निपलवरून किंवा बायपास व्हॉल्व्हच्या होजवरून घ्या. फ्युएल प्रेशर रेग्युलेटरच्या होजमध्ये टी घालू नका. तिथे गळती झाली तर बूस्ट चढताना इंधनाचा दाब त्याच्यासोबत चढणार नाही आणि मिश्रण नेमकं वाईट वेळी पातळ (इंधन कमी) होईल. वाइडबँड एअर-फ्युएल गेज (हवा आणि इंधनाचं प्रमाण दाखवणारा) आणि नॉकिंग वाचण्याची सोयही हवी. या सुबारूंसाठी टॅक्ट्रिक्स ओपनपोर्ट केबल आणि रोमरेडर हे मोफत सॉफ्टवेअर चालतं. गेज आणि केबलचा खर्च कंट्रोलरच्या कितीतरी पट होतो. तो करायचा नसेल तर कंट्रोलरही बसवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

इनटेकची गळतीही आधी शोधा. एअर फ्लो सेन्सरनंतरचा पाइप बंद करून १५ पीएसआय हवा भरा आणि साबणाचं पाणी मारा. इंटरकूलरचे जोड आणि बायपास व्हॉल्व्हचं गॅस्केट हे नेहमीचे गुन्हेगार. मोजलेली हवा इंजिनात न जाता बाहेर गेली तर मिश्रण दाट (इंधन जास्त) होतं आणि टर्बो विनाकारण जास्त फिरतो. प्लग जुने असतील तर बदलून गॅप ०.७ मिलिमीटरच्या आसपास ठेवा. जास्त दाबाखाली ठिणगी विझते ती मोठ्या गॅपमुळे.

आता बसवणं. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. वरचा इंटरकूलर काढा: बायपास व्हॉल्व्हचे दोन आणि ब्रॅकेटचे दोन बोल्ट, सगळे १२ च्या पान्याचे, शिवाय थ्रॉटल आणि टर्बोकडच्या क्लिपा. उघड्या तोंडांत स्वच्छ कापड कोंबा. एक वॉशर टर्बोच्या नळीत पडला तर कामाचं स्वरूपच बदलतं. आता टर्बोचा निपल, अ‍ॅक्च्युएटर आणि त्यांना जोडणारा टीचा होज समोर दिसतील. हा संच गोळीसकट पूर्ण काढा. होज बोटांनी दाबत गेलात की गोळी लागते. नव्या होजमध्ये गोळी राहिली तर सिग्नल उशिरा पोहोचेल आणि बूस्ट ठरवलेल्या आकड्याच्या वर उसळी मारेल.

निपल मोजून साधारण ४ मिलिमीटर आतल्या व्यासाचा, जाड भिंतीचा सिलिकॉन होज घ्या. टर्बोच्या निपलपासून कंट्रोलरच्या आत येणार्‍या तोंडाला आणि बाहेर जाणार्‍या तोंडापासून अ‍ॅक्च्युएटरला. कंट्रोलरवरचा बाण वेस्टगेटकडे हवा. उलटा बसला तर छर्‍यामागून दाब त्याला आणखी घट्ट बसवतो, अ‍ॅक्च्युएटरला काहीच मिळत नाही आणि बूस्टला मर्यादाच राहत नाही. एकूण होज अर्ध्या मीटरच्या आत बसवा. डॅशबोर्डवरून फिरवता यावं म्हणून लांब होज आत नेणारे लोक आहेत. तसं करू नका. लांबी वाढली की उसळी वाढते.

सिग्नल मॅनिफोल्डवरून घेण्याचा मोहही टाळा. तिथे थ्रॉटल मिटल्यावर व्हॅक्यूम येतो, आणि छर्रा नीट बसला नाही तर कंट्रोलरच्या त्या बारीक भोकातून न मोजलेली हवा आत ओढली जाऊ शकते.

होजच्या चारही टोकांना क्लिप लावा, प्लॅस्टिकची पट्टी नको. टर्बोजवळच्या उष्णतेत ती काही महिन्यांत ठिसूळ होते. होज निसटणं हा या कामातला सगळ्यात मोठा धोका आहे: अ‍ॅक्च्युएटरला दाब नाही म्हणजे झडप कायम बंद, आणि टर्बो जमेल तेवढा दाब देत सुटतो. अशा वेळी ईसीयूचा फ्युएल कट हाच शेवटचा आधार. इंजेक्टर बंद होतात आणि गाडीला पुढून धक्का बसल्यासारखं होतं. काही लोक हा धक्का त्रासदायक म्हणून फ्युएल कट फसवण्याचं यंत्र लावतात. ते कधीही लावू नये.

सोलेनॉइड विजेच्या प्लगला जोडलेला तसाच ठेवा, नाहीतर इंजिनाचा दिवा लागेल. तो जिथून दाब इनटेक पाइपात सोडत होता ते तोंड मात्र रबरी टोपी आणि क्लिप लावून बंद करा. ते एअर फ्लो सेन्सरच्या नंतर आहे, उघडं राहिलं तर न गाळलेली, न मोजलेली हवा आत जाईल.

सेटिंग स्क्रू पूर्ण ढिला करून सुरू करा. हे काम डायनोवर (गाडी जागेवरच रोलरवर पळवून ताकद मोजणार्‍या यंत्रावर) केलं तर उत्तम. रस्त्यावर करायचं तर मोकळा रस्ता आणि गेज वाचायला शेजारी दुसरी व्यक्ती हवी. तेल नीट गरम झाल्यावर तिसर्‍या गिअरमध्ये २५०० आरपीएमपासून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर. आकडा बघा, लॉग बघा, मग अर्धा आटा आवळा. ठरवलेल्या आकड्याच्या जवळ आलात की पाव पाव आटा. दर वेळी चेकनट आवळूनच पुढची खेच घ्या, कारण चेकनट आवळतानाही स्क्रू किंचित फिरतो. दोन खेचींमध्ये काही मिनिटं सावकाश गाडी चालवा, नाहीतर तापलेल्या इंटरकूलरचे आकडे वाचाल.

किती ठेवायचा? कारखान्याच्या मॅपवर (ईसीयूतल्या इंधन-इग्निशनच्या तक्त्यांवर), चांगल्या पेट्रोलवर, १४.५ ते १५ पीएसआय, म्हणजे जवळजवळ १ बार. त्याच्या वर मॅप बदलल्याशिवाय जाऊ नये. पूर्ण बूस्टला एअर-फ्युएल ११ ते ११.५ च्या आसपास दिसला पाहिजे. या ईसीयूत इग्निशनवरचा विश्वास मोजणारा एक आकडा असतो, आयएएम, पूर्ण असतो तेव्हा १६. तो खाली आला तर ईसीयूला नॉकिंग पुन्हा पुन्हा ऐकू येतंय. अर्धा आटा मागे जा, मग कारण शोधा. या इंजिनांत पिस्टनच्या रिंगांमधला कडा तुटतो तो बहुतेक वेळा अशाच दुर्लक्षित नॉकिंगने.

टीडी०४ लहान टर्बो आहे. ३५०० ला १५ पीएसआय देईल, पण रेडलाइनजवळ दाब आपोआप १२ च्या आसपास उतरतो. तो उतार कंट्रोलरचा दोष नाही. तो भरून काढायला स्क्रू आवळला तर वरचा भाग तसाच राहतो, फक्त मधलं शिखर वाढतं. याच्या उलट, वरच्या आरपीएमला दाब हळूहळू चढत गेला तर वेस्टगेटचं भोक मोकळ्या एक्झॉस्टला पुरत नाहीये. त्यावरही कंट्रोलर काही करू शकत नाही. वेस्टगेट मोठा करून घ्यावा लागतो.

उष्णतेचं गणित मनात असू द्या. बाहेर ३० अंश असताना १ बार बूस्ट, कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर टर्बोतून निघणारी हवा १२५ अंशांच्या आसपास असते. फिनिक्स किंवा नागपूरच्या ४५ अंशांत तीच १४५ वर जाते. इंटरकूलर यातली बरीच उष्णता काढतो, पण वरचा इंटरकूलर सिग्नलवर उभ्या गाडीत इंजिनाच्या गरमीने स्वतःच तापलेला असतो. उन्हाळ्यात पाव-अर्धा आटा कमी करणं हा शहाणपणा आहे. थंडीत उलटं: हवा दाट, एक्झॉस्ट जोरदार, आणि तोच स्क्रू एखादा पीएसआय जास्त देतो. म्हणून ऑगस्टमध्ये कड्यावर नेऊन ठेवलेलं सेटिंग डिसेंबरच्या रात्री फ्युएल कटला जाऊन आदळतं.

उंचीचंही तसंच. स्प्रिंगला बाहेरच्या हवेच्या वरचा दाब कळतो. डेन्व्हरला, १६०० मीटरवर, वातावरणाचा दाब ०.८३ बार असतो. तिथे १ बार बूस्ट द्यायला टर्बोला दुपटीऐवजी २.२ पट दाब करावा लागतो, म्हणजे जास्त वेग आणि जास्त उष्णता. कारखान्याचा ईसीयू अशा ठिकाणी स्वतःहून माघार घेतो, स्क्रू घेत नाही.

पेट्रोलच्या ऑक्टेनच्या (नॉकिंग रोखण्याच्या क्षमतेच्या) आकड्यांत गोंधळ करू नका. अमेरिकेतल्या पंपावरचा ९१ म्हणजे भारतातल्या मोजणीने साधारण ९५-९६, आणि तिथला ९३ म्हणजे ९८ च्या आसपास. आपल्याकडचं पूर्वीचं साधं ९१ ऑक्टेन पेट्रोल तिथल्या ८७ च्या जवळ जायचं. अशा पेट्रोलवर बूस्ट वाढवण्याचा विचारही करू नये.

भारतातल्या टर्बो पेट्रोल गाड्यांवर हा प्रयोग बहुतेक वेळा फसतो. जुन्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसचं १.८ टर्बो घ्या किंवा पुण्याजवळ रांजणगावला बनलेली फियाट लिनिया टी-जेट. यांचा ईसीयू मागितलेला आणि मिळालेला दाब सतत ताडून बघतो. फरक वाढला की इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल मिटवतो किंवा गाडी लिंप मोडमध्ये (ताकद मुद्दाम कमी केलेल्या अवस्थेत) टाकतो. तिथे ईसीयूचा रीमॅप (मॅप बदलून घेणं) हाच सरळ मार्ग. आताच्या १.० टीएसआयसारख्या इंजिनांत वेस्टगेट विजेच्या मोटरने हलतो, मध्ये होज घालायला जागाच नाही. व्हेरिएबल टर्बोच्या डिझेलला तर वेस्टगेटच नसतो. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ मूळ रचनेतल्या बदलांवर बंधन घालतं, आणि विम्याचा दावा करताना असा बदल आड येऊ शकतो.

दर ऑइल बदलाला होजची चारही टोकं हाताने ओढून बघा, सिलिकॉनचा होज तेलाने फुगला असेल तर बदला, छर्रा काढून ब्रेक क्लीनरने धुवा. काढलेला मूळ होजचा संच, गोळीसकट, पिशवीत घालून ठेवा. गाडी विकताना किंवा कॅलिफोर्नियासारख्या ठिकाणी स्मॉग (धुराच्या) तपासणीला नेताना तो परत बसवावा लागतो, आणि ती गोळी हरवली तर सोलेनॉइड बरोबर चालत असूनही बूस्ट पूर्वीसारखा चढत नाही.